आठ सेकंद आणि त्यानंतरची वर्षे



जुलै महिना आपल्या इंदुरात शाळेच्या गडबडीचा. नव्या वह्या, भिजलेली दप्तरे, बस उशिरा आल्याच्या तक्रारी आणि "आमच्या मुलाची तुकडी बदलून द्यावी" अशा चिठ्ठ्या. याच महिन्यात तिकडे फ्रान्समध्ये तीन आठवडे सायकलींची एक शर्यत चालू असते. 'तूर द फ्रान्स' तिचे नाव, म्हणजे फ्रान्सची प्रदक्षिणा. 1903 साली ती सुरू झाली आणि दोन महायुद्धांची वर्षे सोडली तर तिच्यात खंड पडलेला नाही.

मागच्या सत्रात प्रार्थनेनंतर ओळीने तीन दिवस आम्ही मुलांना या शर्यतीतल्या एका सायकलपटूची हकीकत सांगितली. त्याला कारण घडले. सहामाहीचे पेपर वाटले त्या आठवड्यात आमच्या खोलीत जो येई तो अर्ध्या गुणासाठी येई. एका मुलीचा पहिला नंबर शून्य पूर्णांक चार टक्क्यांनी हुकला, तर तिने दोन दिवस डबा उघडला नाही. त्याच आठवड्यात एका वर्गात नकल पकडली गेली. (मराठीत हिला 'कॉपी' म्हणतात. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले, त्यामुळे आम्हाला 'नकल' जवळची वाटते, आणि ती निदान इंग्रजी तरी नाही.) नियमाप्रमाणे जे करायचे ते केले. पण एकाच आठवड्यात या दोन गोष्टी समोर आल्या, तेव्हा आम्हाला ग्रेग लेमॉन्ड आठवला. प्रार्थनेच्या दहा मिनिटांत तो मावेना. मुले मधल्या सुट्टीत येऊन पुढचे विचारू लागली. म्हणून येथे जरा सविस्तर लिहीत आहोत.

आधी शर्यत समजली पाहिजे, कारण सायकलची शर्यत म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गणेशोत्सवातली सायकल शर्यत येते. शिट्टी वाजली, सगळे सुटले, जो पहिला तो पहिला. तूरचे तसे नाही. तिथे रोज एक टप्पा असतो, कधी दोनशे किलोमीटर सपाटीचा, कधी आल्प्स आणि पिरेनीज पर्वतांतले घाट चढायचे. प्रत्येक टप्प्याला लागलेला वेळ मांडून ठेवतात आणि तीन आठवड्यांच्या शेवटी ज्याची बेरीज सर्वांत कमी तो विजेता. रोज ज्याची बेरीज कमी असेल त्याने दुसऱ्या दिवशी पिवळा सदरा घालायचा. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात हे आपल्यापैकी ज्यांचे नातेवाईक तिकडे आहेत त्यांनी ऐकले असेल. तसा घाटांचा राजा तूरमध्येही असतो, पण मोठा मान पिवळ्या सदऱ्याचा.

आणखी एक गोष्ट बाहेरून दिसत नाही. ही शर्यत एकेकट्याची दिसली तरी ती संघांची आहे. पुढच्या सायकलच्या आडोशाला राहिले की वारा कमी लागतो आणि मागच्याचे श्रम बरेच वाचतात. म्हणून प्रत्येक संघात एक नायक आणि बाकीचे त्याच्यासाठी वारा अंगावर घेणारे. ते पाण्याच्या बाटल्या आणतात, नायकाचे चाक पंक्चर झाले तर आपले काढून देतात आणि संध्याकाळी निकालात त्यांचे नाव साठाव्या-सत्तराव्या जागी येते. पगार त्याचाच मिळतो. व्यावसायिक सायकलपटूंपैकी बहुतेकांची सगळी कारकीर्द अशीच जाते, आणि आमच्या मते या खेळातले खरे काम तेच करतात. पण त्यांच्यावर लिहायला आमच्यापाशी जागा नाही. असो.

ग्रेग लेमॉन्डचा जन्म 26 जून 1961 चा, अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाचा. पुढे घरचे नेवाडा राज्यात डोंगराच्या पायथ्याशी राहायला गेले. मुलाला बर्फावर घसरण्याच्या खेळाचे, स्कीइंगचे वेड. उन्हाळ्यात बर्फ नसते, तेव्हा पायांना व्यायाम म्हणून सायकल चालव, असे कोणी सांगितले म्हणून तो सायकलवर बसला. वडीलही त्याच्याबरोबर चालवू लागले. सायकल राहिली, स्कीइंग मागे पडले. 1979 साली तो अर्जेंटिनात कनिष्ठ गटाचा जगज्जेता झाला. 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकवर अमेरिकेने बहिष्कार टाकला, ती संधी गेली, आणि 1981 साली वयाच्या विसाव्या वर्षाच्या आत-बाहेर तो फ्रान्सच्या एका संघात नोकरीला लागला. हो, नोकरीच. ज्या खेळात सगळी पत्रके, सगळे टोमणे, सगळे जेवण फ्रेंच, तिथे एक अमेरिकन पोरगा. आपल्यातल्या ज्या मुलांनी घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि वर्गात इंग्रजी अशी तिहेरी कसरत केली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

त्या संघाचा नायक होता बर्नार इनो. (स्पेलिंगवरून जुनी हिंदी वर्तमानपत्रे 'हिनॉल्ट' छापीत.) फ्रान्सचा मोठा माणूस, तूर पाच वेळा जिंकलेला. लेमॉन्डने त्याच्या हाताखाली काम केले, 1983 साली स्वित्झर्लंडमध्ये रस्त्यावरच्या शर्यतीचे व्यावसायिक जगज्जेतेपद मिळवले, 1984 च्या तूरमध्ये तिसरा आला. 1985 साली दोघे एका नव्या संघात होते. त्या वर्षी इनो पडला, नाक मोडले, आणि पिरेनीजच्या घाटात तो मागे राहिला असताना लेमॉन्ड पुढे होता. त्याच्या पायांत जोर होता. पण संघाच्या गाडीतून त्याला थांबायला सांगितले गेले, आणि मागचे अंतर खऱ्यापेक्षा कमी करून सांगितले गेले. तो थांबला. इनोने पाचवी तूर जिंकली, लेमॉन्ड दुसरा. त्या बदल्यात इनोने चारचौघांत शब्द दिला की पुढच्या वर्षी मी तुझ्यासाठी सायकल चालवीन.

पुढच्या वर्षी, 1986 साली, इनोने पहिल्याच डोंगरात हल्ला केला आणि पाच मिनिटांहून जास्त आघाडी घेतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा निघाला, पण त्या दिवशी त्याचे पाय बोलले आणि लेमॉन्डने बरेचसे अंतर भरून काढले. एकाच संघाचे दोन खेळाडू एकमेकांविरुद्ध, जेवणाच्या टेबलावर दोन तट. आल्प्समध्ये लेमॉन्डला पिवळा सदरा मिळाला. आल्प द्युएझच्या घाटमाथ्यावर दोघे हातात हात घालून रेषा ओलांडताना दिसतात ते छायाचित्र प्रसिद्ध आहे. टप्पा इनोला मिळाला. छायाचित्रे खोटे बोलत नाहीत म्हणतात, पण हे एक बरेच काही झाकते. शेवटी लेमॉन्ड 3 मिनिटे 10 सेकंदांनी जिंकला. युरोपबाहेरचा माणूस तूर जिंकण्याची ती पहिली वेळ.

इथपर्यंतची गोष्ट कोणत्याही यशस्वी माणसाची असते. पुढची तशी नाही.

20 एप्रिल 1987 रोजी तो कॅलिफोर्नियात नातेवाइकांबरोबर रानटर्कीच्या शिकारीला गेला. झुडपात काहीतरी हलले असे वाटून त्याच्या मेहुण्याने बंदूक चालवली. छऱ्यांची बंदूक होती, साठेक छरे लेमॉन्डच्या पाठीत आणि बरगडीत घुसले. उजवे फुफ्फुस बसले. जवळपास दुसऱ्याच कुणासाठी उडत असलेले पोलिसांचे हेलिकॉप्टर वळवून आणले म्हणून तो दवाखान्यात वेळेत पोचला. आणखी वीस मिनिटे गेली असती तर रक्त जाऊन संपला असता. तीसहून जास्त छरे डॉक्टरांनी शरीरातच राहू दिले, त्यातले काही हृदयाच्या आवरणात. काढणे जास्त धोक्याचे होते.

नंतर त्याच वर्षी आतड्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया, 1988 मध्ये पायाच्या स्नायुबंधाची. 1987 आणि 1988 या दोन्ही तूर त्याच्याविना झाल्या. मोठ्या संघांना तो नकोसा झाला. 1989 साली बेल्जियमच्या एका लहानशा संघाने त्याला घेतले. त्या वर्षी मे-जूनमध्ये इटलीच्या प्रदक्षिणेत तो घाटांमध्ये इतका मागे पडत होता की खेळ सोडून घरी जावे असे त्याच्या मनात येऊन गेले. रक्तात लोह कमी होते, त्याचे इंजेक्शन घेतले. शेवटच्या दिवशी फ्लॉरेन्सपर्यंत एकेकट्याने घड्याळाशी लढायची 53 किलोमीटरची शर्यत होती. एकोणचाळिसाव्या जागेवरचा हा माणूस त्या दिवशी दुसरा आला. ज्याने ती इटलीची प्रदक्षिणा जिंकली त्यालाही त्याने त्या टप्प्यात एका मिनिटाहून अधिक मागे टाकले. कोणी फारसे लक्ष दिले नाही.

तो इटलीचा विजेता म्हणजे लॉराँ फिन्यों, आणि आता त्याच्याविषयी सांगितले पाहिजे, कारण खरे म्हणजे आमचा जीव त्याच्यात अधिक गुंतलेला आहे. पॅरिसचा मुलगा. सोनेरी केसांची शेपटी आणि गोल चष्मा. सायकलपटूंमध्ये चष्मेवाला विरळा, शिवाय हा शाळेची मोठी परीक्षा पास झालेला, म्हणून त्याला 'प्राध्यापक' हे टोपणनाव पडले. 1983 आणि 1984 अशी लागोपाठ दोन वर्षे तूर जिंकलेला. पुढे टाचेच्या दुखण्याने काही वर्षे वाया गेली. तोही परत येत होता. म्हणजे 1989 च्या तूरमध्ये एक जुना विजेता दुसऱ्या जुन्या विजेत्याशी भिडला, दोघेही दुखण्यातून उठलेले.

पिवळा सदरा या दोघांमध्ये आळीपाळीने फिरला. घड्याळाच्या टप्प्यात लेमॉन्ड मिळवी, डोंगरात फिन्यों परत घेई. दोघांमधले अंतर कधी पाच सेकंद, कधी सात, कधी सव्वीस. हजारो किलोमीटर चालवून पाच सेकंद! शेवटचे डोंगर संपले तेव्हा फिन्यों 50 सेकंदांनी पुढे होता आणि एकच टप्पा उरला होता: 23 जुलै 1989, व्हर्सायपासून पॅरिसच्या शाँझेलीझे रस्त्यापर्यंत 24.5 किलोमीटर, एकेकट्याने.

नववीच्या मुलांनी भागाकार करून पाहावा. प्रत्येक किलोमीटरला दोन सेकंद. जाणकारांचे मत पडले की इतक्या थोड्या अंतरात एवढे भरून निघत नाही. फ्रान्सने फिन्योंला जिंकलेलेच धरले होते. त्याला स्वतःलाही तसे वाटत होते, पण एक गोष्ट त्याच्या निकटच्यांनाच ठाऊक होती. बैठकीच्या जागी त्याला गळू झाले होते, बसता येत नव्हते, झोप लागत नव्हती.

लेमॉन्डने त्या दिवशी हँडलला पुढे दोन दांड्या जोडल्या होत्या. त्यांवर कोपर टेकून माणूस वाकला की हात छातीसमोर एकत्र येतात आणि वाऱ्याला अंग कमी मिळते. तिरंगी शर्यतीवाले, म्हणजे पोहणे-सायकल-धावणे करणारे, ते वापरीत. रस्त्यावरच्या युरोपियन मंडळींना ते खेळणे वाटे. डोक्यावर मागे निमुळते शिरस्त्राण. मोटारीतून आपल्याला वेळ सांगू नका, असेही त्याने बजावले. मागे किती, पुढे किती, काही नको, फक्त चालवायचे. फिन्यों साधे हँडल धरून, उघड्या डोक्याने, शेपटी उडवीत निघाला.

लेमॉन्डला 26 मिनिटे 57 सेकंद लागले. ताशी साडेचौपन्न किलोमीटर. आपल्या ए. बी. रोडवर मोटारसायकल याहून हळू चालते. मग तो रस्त्याच्या कडेला उभा राहून घड्याळाकडे बघत राहिला, कारण पिवळा सदरा सर्वांत शेवटी सुटतो. फिन्यों आला तेव्हा 27 मिनिटे 55 सेकंद झाले होते. तो त्या दिवशी तिसरा आला. वाईट चालवले असे कोणी म्हणू शकत नाही. पन्नासांतून अठ्ठावन्न गेले, उरले आठ. रेषेपलीकडे तो सायकलवरून खाली आला आणि रस्त्यातच कोसळून रडू लागला. 3,285 किलोमीटर, सत्याऐंशी तासांहून अधिक वेळ, आणि अंतर आठ सेकंदांचे. त्या वेगाने आठ सेकंदांत सायकल सुमारे 120 मीटर जाते. आपल्या शाळेच्या फाटकापासून कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानापर्यंत. पुरुषांच्या तूरच्या इतिहासात याहून कमी अंतराने कोणी हरलेले नाही.

मुलांना आम्ही विचारले की यात फिन्यों कुठे चुकला. उत्तरे पुष्कळ आली. त्याने टोपी घालायला हवी होती, शेपटी कापायला हवी होती, तशाच दांड्या लावायला हव्या होत्या, गळवाला मलम लावायला हवे होते. आठवीतला एक मुलगा म्हणाला, "सर, आठ सेकंद तर कुठेही गेले असतील. पहिल्या दिवशी पाणी पिताना पण." आम्हाला हे उत्तर सर्वांत पटले. अर्ध्या गुणासाठी जी मंडळी आमच्याकडे येतात ती नेहमी शेवटच्या प्रश्नावर बोट ठेवतात. तो अर्धा गुण जूनपासून मार्चपर्यंत कुठेही सांडलेला असतो.

लेमॉन्डने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दुसरे जगज्जेतेपद मिळवले आणि 1990 साली तिसरी तूर जिंकली, तीही एकही टप्पा न जिंकता. पुढे मात्र उतरण लागली. 1991 मध्ये सातवा, मग अर्धवट सोडलेल्या शर्यती, आणि 1994 च्या डिसेंबरमध्ये निवृत्ती. त्याला वाटले आपल्या शरीरात बिघाड झाला आहे. छऱ्यांतले शिसे, स्नायूंचा रोग, अशी कारणे पुढे आली. पण त्या वर्षांत आणखी एक गोष्ट घडत होती. रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणारे औषध सायकलपटूंच्या हाती लागले होते. मूत्रपिंडाच्या रोग्यांसाठी बनलेले ते इंजेक्शन निरोग्याने घेतले की रक्त अधिक प्राणवायू वाहून नेते आणि घाटात माणूस दमत नाही. रक्त मात्र घट्ट होते, जिवाला धोका असतो. त्या काळात ते पकडायची चाचणीच नव्हती. काल जे मागे असत ते आज पुढे जाऊ लागले, आणि जो घेत नाही त्याला वाटे की आपणच म्हातारे झालो.

इथे लान्स आर्मस्ट्राँगचे नाव येते. आमच्या जुन्या विद्यार्थ्यांना आठवत असेल, 2005 च्या सुमारास मुलांच्या मनगटांवर पिवळी रबरी कडी दिसू लागली होती. ती त्याच्या संस्थेची. कर्करोगातून बरा झालेला, 1999 ते 2005 ओळीने सात तूर जिंकलेला, पुस्तके, भाषणे, सगळीकडे उदाहरण म्हणून तोच. 2001 साली आर्मस्ट्राँग एका अशा इटालियन डॉक्टरकडे जातो, ज्याच्यावर औषधांचे आरोप आहेत, हे उघड झाले. तेव्हा लेमॉन्डने जाहीरपणे सांगितले की हे ऐकून आपल्याला दुःख झाले. एवढेच. आरडाओरडा नाही, पुरावा असल्याचा दावा नाही.

त्याचे परिणाम बघा. लेमॉन्डच्या नावाच्या सायकली अमेरिकेची ट्रेक कंपनी बनवीत असे, आणि आर्मस्ट्राँगही त्याच कंपनीच्या सायकलवर बसे. दडपण आले आणि काही आठवड्यांत लेमॉन्डच्या सहीचे माफीपत्र प्रसिद्ध झाले. ते आपण मनापासून दिलेले नव्हते, असे त्याने पुढे सांगितले. जुना विजेता नव्या विजेत्यावर जळतो, असे लोक म्हणू लागले. खेळातल्या मित्रांनी फोन उचलणे सोडले. 2008 मध्ये कंपनीशी संबंध तुटले, प्रकरण न्यायालयात गेले.

मधल्या काळात आणखी एक प्रसंग घडला. तो प्रार्थनेत सांगण्यासारखा नव्हता, पण पालकांसाठी येथे लिहिणे आम्हाला आवश्यक वाटते. 2006 ची तूर फ्लॉइड लँडिस या अमेरिकनाने जिंकली आणि लगेच त्याच्या चाचणीत दोष निघाला. लेमॉन्डने त्याला फोनवर समजावले की खरे सांगून टाक, लपवलेली गोष्ट माणसाला आतून खाते. हे पटवण्यासाठी त्याने स्वतःची एक लपवलेली गोष्ट त्याला सांगितली. लहानपणी एका ओळखीच्या माणसाने त्याच्यावर लैंगिक अत्याचार केला होता, आणि अनेक वर्षे त्याने ते कोणाला सांगितले नव्हते. 2007 च्या मे महिन्यात लँडिसच्या सुनावणीत लेमॉन्डची साक्ष होती. आदल्या रात्री त्याला फोन आला. बोलणाऱ्याने त्या जुन्या गोष्टीचा उल्लेख करून साक्षीला आलास तर ती बाहेर येईल असे सुचवले. फोन लँडिसच्या व्यवस्थापकाचा निघाला. दुसऱ्या दिवशी लेमॉन्ड साक्षीला उभा राहिला, फोनची हकीकत सांगितली आणि ज्या गोष्टीची धमकी दिली होती ती स्वतःच सगळ्यांसमोर सांगून टाकली. व्यवस्थापकाला तिथल्या तिथे कामावरून काढले गेले. लँडिसचे विजेतेपद गेले आणि 2010 मध्ये त्याने औषधे घेतल्याचे कबूल केले.

तीन वेळा तूर जिंकणे आणि त्या खोलीत उभे राहणे, यांत अवघड काय होते हे आम्ही ठरवू शकत नाही. शिक्षकीपेशात इतकी वर्षे काढल्यावर एवढे नक्की सांगू शकतो की मूल अशी गोष्ट सहसा सांगत नाही. ते डबा परत आणते, एखाद्या घरी जायला नाही म्हणते, गुण कमी पडू लागतात. मग आपण शिकवणी लावतो. आमच्या खोलीचे दार मधल्या सुट्टीत उघडे असते आणि बाहेर शिपाईदादांना कोणालाही अडवू नका असे सांगितलेले आहे.

पुढचे थोडक्यात. 2010 मध्ये ट्रेकबरोबरचा वाद मिटला, आणि कंपनीने दोन लाख डॉलर लहानपणी अत्याचार सोसलेल्या पुरुषांसाठी काम करणाऱ्या संस्थेला दिले. 2012 च्या ऑक्टोबरमध्ये आर्मस्ट्राँगची सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली; 2013 च्या जानेवारीत त्याने दूरचित्रवाणीवर औषधे घेतल्याचे मान्य केले. ती सात वर्षे आज विजेत्यांच्या यादीत रिकामी आहेत. कोणाला वर सरकवावे, तर खालचेही बरेचसे त्याच माळेचे मणी. अशा रीतीने पुरुषांची तूर जिंकलेला अमेरिकन म्हणून लेमॉन्ड एकटाच उरला. 2020 मध्ये अमेरिकेच्या संसदेने त्याला आपले सुवर्णपदक देण्याचे ठरवले. सायकलपटूला तो मान प्रथमच मिळाला. 2022 मध्ये त्याला रक्ताचा एक कर्करोग असल्याचे निदान झाले, आणि तेही त्याने स्वतःच जाहीर केले.

एक पालक आमचे हे सगळे ऐकून म्हणाले, "सर, पण अकरा वर्षे लागली ना सत्याला! तोपर्यंत माणसाचे दुकान बुडाले." बरोबर आहे. आम्ही मुलांना शेवट आधी सांगितला नाही तो याचसाठी. 2001 सालच्या लेमॉन्डला 2012 माहीत नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही गोष्ट माफीपत्रापाशी थांबवली आणि मुलांना घरी पाठवले. काही मुले आमच्यावर रागावली. एक जण म्हणाला, मग त्याने बोलायचेच कशाला. नकलेत सापडलेल्या मुलाच्या शेजारी बसणारा हा मुलगा. त्याने त्या दिवशी सगळे पाहिले होते आणि काही सांगितले नव्हते. आम्ही त्याला त्याबद्दल विचारले नाही. तो मात्र तिसऱ्या दिवशी प्रार्थनेला सर्वांच्या आधी येऊन पुढच्या ओळीत उभा राहिला.

फिन्योंचे सांगायचे राहिले. 1993 मध्ये तो निवृत्त झाला, शर्यती भरवू लागला, दूरचित्रवाणीवर समालोचन करू लागला. आयुष्यभर लोक त्याला रस्त्यात थांबवून विचारीत, तुम्हीच ना ते, आठ सेकंदांनी हरलेले? तो उत्तर देई की नाही, मी दोनदा जिंकलेला. 2009 मध्ये त्याने आत्मचरित्र लिहिले. त्यात त्याने आपल्या काळी आपणही उत्तेजके घेतली होती, हे स्वतःहून लिहिले; कोणी पकडून आणले म्हणून नव्हे. आजार तेव्हा झालेलाच होता. आवाज बसत चालला असतानाही 2010 च्या जुलैमध्ये त्याने तूरचे समालोचन केले आणि 31 ऑगस्टला, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, कर्करोगाने तो गेला.

1989 नंतर कितीतरी वर्षे तूरचा शेवटचा दिवस घड्याळाशी लढण्याचा ठेवलाच नाही. पॅरिसपर्यंत सगळे मिळून येत, पिवळ्या सदऱ्याला शेवटच्या दिवशी कोणी आव्हान देत नसे. 2024 मध्ये पॅरिसला ऑलिंपिक होते म्हणून शर्यत नीस शहरात संपवावी लागली, तेव्हा पस्तीस वर्षांनी प्रथम शेवटचा टप्पा पुन्हा एकेकट्याचा झाला.

फ्रान्सचा नकाशा वाचनालयाबाहेरच्या फलकावर लावला आहे. 1989 चा मार्ग नववीच्या मुलींनी लक्झेंबर्गपासून लाल दोऱ्याने दाखवला आहे; दोरा पॅरिसपाशी जरा कमी पडला होता, तो शिवणाच्या बाईंनी जोडून दिला. गणिताच्या सरांनी खाली तीन उदाहरणे लिहिली आहेत. त्यांतले तिसरे, सत्याऐंशी तासांतले आठ सेकंद म्हणजे किती भाग, अजून कोणी बरोबर सोडवलेले नाही.